मोबदल्याची रक्कम हाती आल्यावर

मिरज तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीचा भूसंपादन मोबदला आपल्या खात्यात जमा झाल्याचे कळले. माझे पहिले सांगणे असे की, निदान तीन महिने ही रक्कम बँकेच्या अल्पमुदतीच्या ठेवीत राहू द्यावी आणि पासबुकातला आकडा कोणाला दाखवू नये. आमच्याकडे तर आठवडा उलटण्याआधीच भाच्याचा मित्र विम्याचे कागद घेऊन ओसरीवर येऊन बसला होता.

त्यानंतर पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा विचार करावा. तीत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ५ वर्षांसाठी ठेवता येते, व्याज दर तिमाहीस मिळते, आणि वहिनींनीही साठी ओलांडली असल्यास त्यांचे स्वतंत्र खाते उघडता येते. मात्र वर्षाच्या आत खाते मोडल्यास व्याज मिळत नाही, म्हणून दवाखान्याची तजवीज वेगळी असावी.

सांगलीत पतसंस्थांची कमतरता नाही, आणि टक्काभर जादा व्याजाचा मोह मलाही झाला होता. पिशवीत ठेवपावती घेऊन मी त्या बंद शटरपुढे किती हेलपाटे घातले, याचा हिशेब आता ठेवत नाही. पतसंस्थेतील ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण नसते. बँकेत, अगदी सहकारी बँकेतही, ते असते. पण मुद्दल व व्याज मिळून प्रत्येक ठेवीदारास ५ लाखांपर्यंतच, आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी त्यासाठी एकत्र मोजल्या जातात. प्रत्येक खात्यावर वारसनोंद मात्र पहिल्याच दिवशी करून घ्यावी.