आजी-आजोबांसाठी बोलका प्राणी-रोबो बनवायचा आहे. मांजराचा आकार घ्यावा का?

मी तरी मांजर घेणार नाही. जपानचे संशोधक ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून ‘पारो’ हा प्राणी-रोबो विकसित करताना मांजराचा नमुनाही करून पाहिला होता. पण खरं मांजर सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे माणसं लगेच तुलना करतात आणि हिरमुसतात. म्हणून त्यांनी सील या समुद्री प्राण्याचं पिल्लू निवडलं. सील कुणी पाळलेला नसतो, अपेक्षाही नसतात. पारोचं वजन साधारण २.७ किलो, म्हणजे मांडीवर तान्ह्या बाळाइतकंच. त्याच्या अंगभर स्पर्श-सेन्सर आहेत आणि चार्जर चोखणीच्या आकाराचा आहे! तो माणसासारखं बोलत नाही, पण ठेवलेलं नाव ओळखायला शिकतो.

तुम्हाला बोलका हवा असेल, तर खरी अडचण आवाज ऐकण्यात येते. मान-शेपटी हलवणाऱ्या मोटरची घरघर थेट माइकमध्ये शिरते. माइक मोटरपासून लांब, रबरावर बसवा. त्यावर जाड फर नको, जाळीदार कापड ठेवा. रोबो स्वतः बोलताना माइकमध्ये येणारा त्याच्याच स्पीकरचा आवाज वजा करणारं सॉफ्टवेअर लागेलच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वयस्कर माणसं बोलताना मध्येच थांबतात. बोलणं संपलं असं समजण्याआधीची शांततेची मर्यादा नेहमीपेक्षा वाढवा, नाहीतर यंत्र त्यांचं वाक्य तोडत राहील. फार वाईट वाटतं त्यांना.

हाक ओळखण्याचं काम यंत्रातच होऊ द्या, घरातलं सगळं बोलणं सर्व्हरवर नको. माइक बंद करायचं बटण हाताला सहज लागेल असं ठेवा, आणि फर काढून धुता आली पाहिजे.