बँडच्या दौऱ्यावर ड्रायव्हर म्हणून जावं का? त्यांच्यात मिसळता येतं, की ड्रायव्हर तो ड्रायव्हरच राहतो?

तुम्ही लिहिलंय की म्हापशात टुरिस्ट गाडी चालवता, एका बँडने दिवाळीनंतरच्या चार महिन्यांसाठी विचारलंय, पैशाचं जवळजवळ ठरलंय, पण मन तयार होत नाही. मी डिचोलीचा. गेले सहा सीझन एका बँडची टेम्पो ट्रॅव्हलर चालवतोय. नाट्यपदं, कोकणी गाणी आणि मध्येमध्ये घुमट हे मातीचं वाद्य, असा त्यांचा कार्यक्रम असतो. वाजवणारे-गाणारे सात जण, एक साउंडवाला आणि मी.

माझं उत्तर, जा. पण होकार देण्याआधी झोपेचं बोलून घ्या. पैशाचं नंतर बोललात तरी चालेल.

गोव्यात उघड्यावर रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर चालत नाही. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सगळ्या देशाला लागू आहेत, रात्री 10 ते सकाळी 6 बंद. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातले 15 दिवसांपर्यंत 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे गाणं 10 ला थांबो नाहीतर 12 ला, वायरी गुंडाळायच्या, स्पीकर पिकअपमध्ये चढवायचे, मंडळाच्या लोकांनी आग्रहाने जेवायला बसवायचं, आणि गाडी हलायला एक-दीड. तोवर वाजवणाऱ्यांचं काम झालेलं असतं. ते मागच्या सीटवर पाय पसरून पाच मिनिटांत झोपतात. तुम्ही मात्र सकाळी सातला गाडी पुसायला उठलेले असता आणि घाट अजून पुढे असतो.

म्हणून सांगतो, कार्यक्रम चालू असताना झोपा. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, इतकं सुंदर गाणं चाललंय आणि आपण गाडीत पडायचं. आता साउंड चेक झाला की मी मागच्या सीटवर आडवा होतो. काचा खाली, मच्छरदाणीचा तुकडा टाचण्यांनी अडकवलेला, कानात कापूस. गायिका भैरवीला आली की झोपेतही कळतं. मग उठायचं, तोंड धुवायचं, चहा घ्यायचा आणि गाडीचे टायर बघायला लागायचं.

कायदाही आपल्या बाजूने होता, फक्त कोणी सांगत नाही. 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास काम धरलं होतं आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती; 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणालाच तो लागू व्हायचा, त्यामुळे तुमच्या बँडला तो कदाचित तेव्हाही लागला नसता. पण बोलताना हे आकडे तोंडात असू द्या, समोरचा ऐकतो. मुक्कामाच्या ठिकाणी ड्रायव्हरला खोली मिळणार का, हेही आधीच विचारा. पहिल्या वर्षी एका आयोजकाने मला सांगितलं, ड्रायव्हर गाडीत झोपतात. मी काही बोललो नाही. पुढच्या दिवशी भर दुपारी डोळे मिटत होते. तेव्हा बोलायला हवं होतं.

आता मिसळण्याचं. तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं.

तिसऱ्या सीझनची गोष्ट. नवरात्रात बेळगावला कार्यक्रम होता. परत चोर्ला घाटाने यायचं, कारण सकाळी 11 ला मडगावात एका लग्नात वाजवायचं होतं. जांबोटी सोडलं आणि धुकं सुरू झालं. परतीचा पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला, पिवळा फॉग लॅम्प लावूनसुद्धा पुढे दोन गाड्यांपलीकडे दिसत नव्हतं. कणकुंबीच्या जवळ आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागच्या वळणाचं मला काहीच आठवत नाही. गाडी वळली होती, मी वळवली होती, पण आठवत नाही. मला घाम फुटला. कणकुंबीला माऊलीचं देऊळ आहे, मलप्रभा नदी तिथेच उगम पावते. तिथे गाडी बाजूला घेतली आणि सगळ्यांना उठवून सांगितलं, मी साडेपाचपर्यंत गाडी काढणार नाही.

खूप बोलले मला. आमचा म्होरक्या बाब गिटार वाजवतो, तो खाली उतरून येरझाऱ्या घालत राहिला. ड्रमर म्हणाला, मी चालवतो. त्याने जेवताना दोन पेग घेतले होते. मी चावी खिशात घातली आणि डोळे मिटले. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे, पण बँडच्या गाडीत ती शून्यच धरायची. लोक प्रेमाने पाजतात, ते वाजवणाऱ्यांना चालतं.

उठलो तेव्हा उजाडत होतं. पुढच्या काचेवर आतून गायिका ताईची शाल लावलेली होती, दोन्ही टोकं दोन सन-वायझरमध्ये खोचून. समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे माझ्या डोळ्यांवर पडू नयेत म्हणून तिने ती रात्री कधीतरी लावली होती. हिरवी, काठाला विरलेली शाल. ती स्वतः थंडीत आखडून बसली होती. साडेआठला मडगावात पोचलो. त्याविषयी पुन्हा कोणी बोललं नाही. पण त्यानंतर लागोपाठच्या तारखा आल्या की म्होरक्या बाब आधी मला फोन करतो, ‘जमेल का रे आपल्याला?’ मी नाही म्हटलं तर तारीख सोडतो. पंगतीत माझ्या शेजारी कोण बसतं, फोटोत मला उभं करतात का, याच्यापेक्षा तो फोन मला मोठा वाटतो.

दुसरी गोष्ट घुमटाची. घुमट म्हणजे मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, मागचं लहान तोंड उघडं, तिथे हात झाकत-उघडत आवाज घुमवायचा. पूर्वी गारीचं, म्हणजे घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकरीचं लावतात. पहिल्याच सीझनला माझ्या एका खड्ड्यात त्यांचं घुमट तडकलं. आवाज बारीकच आला, पण सगळी गाडी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मी डिचोलीत कुंभाराकडे गेलो. लहानपणापासून चवथीला घुमट आरत्या वाजवलेल्या, त्यामुळे मडकं कसं बघायचं ते हाताला माहीत होतं. बोटाने टिचकी मारायची, नाद शेवटपर्यंत स्वच्छ यायला हवा, मध्ये चिरकला तर आत कुठेतरी भेग. अकरा मडकी वाजवून दोन निवडली. कातडं भिजवून, ताणून, दोरीने आवळून आमच्या अंगणात सुकवलं. वाजवणाऱ्याने हातात घेतलं, दोन थापा मारल्या आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तेव्हापासून घुमटं माझ्या ताब्यात असतात. गोधडीत गुंडाळून, ड्रायव्हर सीटच्या मागे. हवा दमट असली की कातडं सैल पडतं, मग कार्यक्रमाआधी तासभर ती मी उन्हात धरतो. स्टेजवर मी कधी चढलो नाही, तशी ओढही नाही.

आणि गाडीत जे कानावर पडतं ते वेगळंच. फोंडा रस्त्यावर मंगेशी आली की ताई हात जोडते आणि एक पद गुणगुणते, कारण मास्टर दीनानाथ तिथले, अभिषेकीबुवाही तिथलेच. साखळी सोडून चोर्ल्याकडे चढताना केरी लागतं. मला वाटायचं, केसरबाई केरकर इथल्या. कीबोर्डवाल्याने सांगितलं, ते केरी फोंड्याकडचं, हे सत्तरीतलं. मग म्हणाला, 1977 साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, ती यानं अजून पुढे पुढेच चाललीत. त्या रात्री घाट चढताना मी वर बरंच बघत होतो. अर्थात थांब्यावर, चालवताना नाही.

काही व्यवहाराचं. गाडी भाड्याची, पिवळ्या पाटीची आहे ना आणि ऑल इंडिया परमिट चालू आहे ना ते कागद हातात घेऊन बघा, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे जाणार असाल. गिटार आणि कीबोर्ड उन्हात बंद गाडीत ठेवू देऊ नका. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, मागे माणसं झोपलेली असताना ब्रेकवर उतरणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ.

आणि दारूचं अगदी स्पष्ट करून टाका. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही. पत्रादेवी ओलांडून बांद्याकडे गेलात की इन्सुलीला गाड्या तपासतात. सापडली तर गाडी जप्त होऊ शकते आणि स्टिअरिंगवर तुम्ही असता. आमच्याकडे एकदा ड्रमच्या पिशवीत चार बाटल्या निघाल्या, मित्राला भेट द्यायला घेतलेल्या. मी पेडण्यातच गाडी थांबवून त्या ओळखीच्या दुकानात ठेवायला लावल्या. तेव्हापासून निघण्याआधी मी प्रत्येक पिशवीला हात लावतो, आणि कोणी रागवत नाही.

होकार देण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्या तालमीला जाऊन बसा. चुकलं की एकमेकांशी कसे बोलतात ते ऐका. रात्री दोनला तुमच्याशी तसेच बोलणार आहेत.

पहिला कार्यक्रम कुठे आहे ते लिहा. बेळगाव असेल तर मी याच आठवड्यात चोर्ल्याने जाऊन येणार आहे, रस्ता कसा आहे ते इथे कळवतो.