‘मेंदूचे पार्श्वीकरण’ म्हणावे का?

आपण सर्व मिळून सुधारत असलेल्या ज्ञानकोशातील नोंदीबद्दल दोन शंका आल्या आहेत: मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांवर, म्हणजे गोलार्धांवर, काही कामांचा भार असमान असतो, त्यासाठी ‘मेंदूचे पार्श्वीकरण’ हे शीर्षक चालेल का, आणि ‘डावा मेंदू तर्क करतो, उजवा मेंदू कल्पना करतो’ हे पहिले वाक्य ठेवावे का?

‘पार्श्वीकरण’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. संस्कृतात ‘पार्श्व’ म्हणजे कूस किंवा बाजू, आणि उच्चार करताना हवा जिभेच्या कडांवरून बाहेर पडते म्हणूनच ‘ल’ला भाषाविज्ञानात पार्श्विक ध्वनी म्हणतात. मराठीत मात्र हा अर्थ सरकला आहे. पार्श्वभूमी, पार्श्वसंगीत, पार्श्वगायन या शब्दांतून आपल्या कानाला ‘मागचे’ एवढेच ऐकू येते, आणि ‘पार्श्वभाग’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येते ते सांगायला नको. ‘पक्ष’ हा शब्द ‘पक्षाघात’मध्ये बाजू या अर्थाने टिकला आहे खरा, पण ‘पक्षीकरण’ वाचून कोणी पाखरे शोधेल, कोणी पक्षांतर. म्हणून शीर्षक ‘मेंदूच्या गोलार्धांतील कार्यविभागणी’ असावे आणि ‘पार्श्वीकरण’ ही संज्ञा पहिल्या परिच्छेदात अर्थासह यावी, असे मला वाटते.

आता दुसरी शंका: ‘डावा मेंदू, उजवा मेंदू’ हे पहिले वाक्य मी काढून टाकेन. मेंदू एकच असतो, डावे-उजवे असतात ते त्याचे गोलार्ध; शिवाय तर्क आणि कल्पना या दोन्हींसाठी दोन्ही गोलार्ध राबतात. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ साली पॅरिसमध्ये ज्या रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली, तो जवळजवळ ‘टॅन’ एवढेच उच्चारू शकत असे आणि त्याच्या डाव्या गोलार्धाच्या पुढील भागाला इजा झालेली होती. या शोधाचा संबंध वाचेशी होता, तर्कशक्तीशी नव्हे. त्यातच मराठीत सरस गोष्ट ‘उजवी’ ठरते आणि भेदभाव करणारा ‘डावे-उजवे’ करतो, त्यामुळे एखाद्या कामात एका गोलार्धाचे ‘वर्चस्व’ असते असे म्हटले की श्रेष्ठ-कनिष्ठाचा वास येतो.

माझा पर्यायी मसुदा असा: ‘मेंदूच्या दोन गोलार्धांत काही कामांचा भार असमान असतो, उदाहरणार्थ, बहुसंख्य माणसांत, आणि डावखुऱ्यांपैकीही बहुतेकांत, बोलण्याचा मुख्य भार डावा गोलार्ध उचलतो.’ ‘वाटणी’ऐवजी ‘भार’ मुद्दाम घेतला आहे, कारण वाटणी म्हटली की मधे बांध आला. डावखुऱ्यांचा उल्लेखही गाळू नये, नाहीतर त्यांच्यात सगळे नेमके उलट असते असे वाचक गृहीत धरतो.