हाड जुळतं, मग गुडघ्यातली झिजलेली कूर्चा परत का भरून येत नाही?

धाकट्या भावाचं मोडलेलं मनगट सहा आठवड्यांच्या प्लास्टरमध्ये जुळलं, मग आईच्या गुडघ्यातली कमी झालेली 'गॅप' (म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेची, कार्टिलेजची, जागा) औषधानं का भरत नाही, आणि आईंनी चालणं बंद करावं का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. चालण्याचं आधी सांगते: बंद करू नका. त्याचं कारण तुमच्या पहिल्या प्रश्नातच दडलंय.

हाडाला भरपूर रक्तपुरवठा असतो. ते मोडलं की तिथे रक्त साकळतं, त्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात, आधी मऊ आणि मग कडक कॅलस, म्हणजे मोडलेली टोकं सांधणारी गाठ, तयार होतो. पुढे कित्येक महिने जुनं हाड खरवडून नवं रचण्याचं काम चालू राहतं. विशेष म्हणजे तो मऊ कॅलस बराचसा कूर्चेचाच असतो. म्हणजे कूर्चा बनवणं शरीराला येतं, पण सांध्याच्या पृष्ठभागावर ते घडत नाही.

कारण सांध्यातल्या कूर्चेत रक्तवाहिनीच नसते. गुडघ्यात हा थर बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर जाड, आणि वजनानं ६५ ते ८० टक्के पाणी. उरलेलं म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रिकनचे मोठे रेणू. पेशी मोजक्याच, आणि त्याही आपापल्या खोबणीत अडकलेल्या. वरचा थर खरवडला गेला तरी रक्त येत नाही, आणि रक्त नाही म्हणून दुरुस्तीची सुरुवातच होत नाही. नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ मध्येच मांडलं होतं. अणुचाचण्यांमुळे १९५०-६० च्या दशकांत हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, वाढला होता. त्याच्या खुणेवरून डॅनिश संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की मोठेपणी कूर्चेतलं कोलॅजन जवळजवळ बदलतच नाही. वाढीच्या वयात विणलेलं जाळं आयुष्यभर पुरवायचं असतं.

जखम खालच्या हाडापर्यंत गेली तर मात्र रक्त येतं आणि खड्डा भरतो, पण तंतुमय, कमी टिकाऊ कूर्चेनं. मायक्रोफ्रॅक्चर, म्हणजे हाडाला मुद्दाम बारीक छिद्रं पाडण्याची शस्त्रक्रिया, याचाच उपयोग करते. रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत बसवण्याचे पहिले निष्कर्ष स्वीडनमधून १९९४ साली आले. हे उपाय मुख्यतः तरुणांच्या मर्यादित जखमांसाठी आहेत, वयानुसार झालेल्या सर्वदूर झिजेसाठी नाहीत.

आता चालण्याविषयी. रक्त नसलेल्या कूर्चेला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की ती स्पंजासारखी दाबली जाऊन पाणी सोडते, उचललं की पुन्हा शोषून घेते. पाय फार काळ हललाच नाही तर कूर्चा पातळ होते, हे अर्धांगवायूच्या रुग्णांमध्ये दिसलंय. 'गुडघे झिजलेत, आता बसून राहा' हा घरोघरी मिळणारा सल्ला म्हणूनच मला मनापासून खटकतो. बसून मांडीचे स्नायू खंगतात, वजन वाढतं आणि दुखणं आणखी बळावतं. वजनाचा हिशोब तर ठळक आहे: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

कूर्चेला मज्जातंतूही नसतात, त्यामुळे दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि आजूबाजूचे स्नायू-बंध. एक्स-रे वाईट असूनही चांगली चालणारी माणसं भेटतात ती यामुळेच. कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर पैसे घालवण्याआधी विचार करा. २००६ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत एकंदर रुग्णांमध्ये त्या औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या गोळीपेक्षा (प्लासिबोपेक्षा) ठळकपणे सरस ठरल्या नाहीत.

आईंना सपाट रस्त्यावर, सोसेल तेवढं चालू द्या. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरण्याचा व्यायाम रोज करू द्या. जमिनीवर मांडी घालणं आणि उकिडवं बसणं त्रास देत असेल तर टाळा. गुडघा अचानक सुजून गरम झाला, सोबत ताप आला किंवा सांधा अडकून सरळच होईना, तर मात्र व्यायाम थांबवून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.