परसबागेतल्या फुलझाडांचं बी: शेंग झाडावरच पिकू द्या

सांगलीकडच्या एका ताईंनी विचारलंय, "सदाफुलीच्या शेंगा दिवाळीत तोडून प्लास्टिकच्या डबीत ठेवल्या. जूनमध्ये पेरलं, एकही बी उगवलं नाही. दुकानदार म्हणतो पावडर कमी पडली, वर उगवणीचं टॉनिक घ्या. घेऊ का?" अबोली, कर्दळ, गोकर्ण आणि गुलबक्षीबद्दलही असेच प्रश्न आलेत, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

ताई, टॉनिक घेऊ नका. तुमचं बी जूनमध्ये नाही, दिवाळीतच मेलं. शेंग हिरवी तोडली, बी कोवळं राहिलं आणि ते ओलं असतानाच झाकण लावलं. आत वाफ धरली, बुरशी आली. मेलेलं बी कुठल्याच बाटलीनं जिवंत होत नाही. ही तक्रार घेऊन येणाऱ्या दहापैकी आठ घरांत मला हीच चूक दिसते.

सदाफुलीला एका फुलामागे दोन बारीक शेंगा लागतात. त्या हिरव्याच्या पिवळसर झाल्या की एकदोन दिवसांत तडकतात आणि काळं बारीक बी मातीत सांडतं. म्हणजे आधी तोडली तर कोवळं, उशीर केला तर गेलं. यावर माझा एकच उपाय आहे आणि तो मी प्रत्येकाला करायला लावतो: जुन्या सुती साडीच्या किंवा मलमलच्या बोटभर पिशव्या शिवा आणि शेंगा भरल्या की फांदीला सैल बांधा. शेंग झाडावरच पिकते, बी पिशवीत पडतं. प्लास्टिकची पिशवी बांधू नका, आत घाम धरतो. पावसाळ्यातल्या शेंगा बियाण्याला धरू नका, नोव्हेंबरनंतर कोरड्या हवेत पिकलेल्याच धरा. बियाण्यासाठी दोनतीन निरोगी झाडं राखा, बाकीची फुलं खुशाल तोडा.

अबोलीला तर पिशवी हवीच. तिचं वाळलेलं बोंड पाण्याचा थेंब लागताच फुटतं आणि बी लांब उडतं. कणसं सुकायला लागली की त्या झाडावर वरून पाणी मारू नका, बुंध्याशी द्या. एका दादांनी विचारलंय की त्यांच्या केशरी 'दिल्ली' अबोलीला बी का धरत नाही. दादा, ती जात त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, म्हणून तिला बी होतच नाही. तिची फाटे कलमंच लावायची. तिचं बी म्हणून कुणी पुडी विकत असेल तर परत करा.

बी काढल्यावर सावलीत, कागदावर, आठदहा दिवस वाळवा. पत्र्यावर किंवा गच्चीवर कडक उन्हात टाकू नका. वाळलं का ते दातानं चावून बघायची सवय सदाफुली आणि गुलबक्षीला लावू नका, दोन्ही विषारी आहेत. मुलांच्या हाती बी लागू देऊ नका. वाळलेलं बी कागदी पुडीत, पुडीवर नाव, रंग, महिना, आणि मग ती पुडी काचेच्या बरणीत. पुन्हा सांगतो, ओलं बी डब्यात नाही. सदाफुलीचं बी पुढच्याच हंगामात वापरा, जुनं झालं की उगवण पडते.

आता पावडर. दुकानदार देतो ती ट्रायकोडर्मा, म्हणजे बी कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी. तिचं प्रमाण किलोभर बियाला 5 ग्रॅम असतं. तुमच्याकडे बी असतं 20 ग्रॅम, म्हणजे लागते 0.1 ग्रॅम, बोटाच्या टोकाला चिकटेल एवढीच. लोक मूठभर बियाला चमचाभर चोळतात आणि दुकानदार त्यांना थांबवत नाही, कारण त्याचा डबा संपायला हवा असतो. ती लावायची पेरताना, साठवताना नाही. आणि रासायनिक बुरशीनाशकाबरोबर कालवू नका, ती जिवंत बुरशी आहे. शेंगा भरताना युरिया किंवा 19:19:19 हे रासायनिक खत कुंडीत ओतायला सांगतात, तेही नको. पाला वाढतो, शेंग उशिरा पिकते आणि मुठीनं टाकलं तर मुळं करपतात. या झाडांना शेणखत पुरतं.

कर्दळीचं बी छऱ्यासारखं टणक असतं. कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं एका बाजूला पांढरं दिसेपर्यंत घासा, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, मग पेरा. गोकर्णाचंही रात्रभर भिजवलं की बहुतेक काम होतं. यासाठी आम्ल किंवा संजीवकाची (वाढीच्या औषधाची) बाटली विकत घेण्याची काहीही गरज नाही.

रंगाबद्दल: गुलबक्षी लाल आणि पांढरी शेजारी असली की संकर होऊन गुलाबी निघते. शुद्ध रंग हवा तर लांब लावा. नर्सरीतून आणलेल्या संकरित सदाफुलीचं बी तसंच रूप देणार नाही. आवडता रंग टिकवायचा तर फाटे कलम करा. शेवंती बियाण्यानं लावूच नका, बुंध्याशी फुटलेले मुनवे काढून लावा.

सरकारी योजनेचंही काहींनी विचारलंय. फुलपिकाचं अनुदान शेतातल्या लागवडीला आहे, परसबागेला नाही; शेतासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा. शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, वाटण्याचा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं दिलाय.

पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून अंधारात ठेवा. दहा ते पंधरा दिवसांत सहाच्या वर मोड आले तर नेहमीसारखं पेरा, कमी आले तर दाट पेरा. एकदोनच आले तर ते बी टाका आणि शेजारणीच्या झाडाला आत्ताच पिशवी बांधून या.