रत्नागिरीतलं एडीएचडी-ऑटिझमचं खासगी क्लिनिक चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

माझ्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जातं) आणि ऑटिझम (बोलणं, इतरांत मिसळणं अवघड जातं) दोन्ही आहे, म्हणून अनुभवावरून सांगते.

पहिल्या क्लिनिकात वीस मिनिटांत निदान आणि लगेच तीन महिन्यांचं पॅकेज. शाळेत कसा वागतो, नीट ऐकू येतं का, काहीच विचारलं नाही. एडीएचडी ठरवताना लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. मग शिक्षकांना न विचारता निदान होईलच कसं? थेरपीच्या वेळी दारही बंद. मी बाहेर चपलांपाशी बसून त्याचं रडणं ऐकायचे. ते अजून डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या ताई थेट जमिनीवर बसल्या. तो खिशातले चिंचोके रांगेत लावत होता. त्यांनी रांग मोडली नाही, शेवटी आपला एक ठेवला आणि थांबल्या. चौथ्या वेळी त्याने त्यांच्या हातातून चिंचोका घेतला. मी शेजारीच होते, घरी काय करायचं तेही कळलं.

थेरपिस्टचा भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक बिनधास्त मागा (रोजची कामं करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी वेगळीकडे असते). लेखी अहवाल घ्याच. ऑटिझम ‘पूर्ण बरा’ करतो म्हणणाऱ्याकडे एक रुपयाही देऊ नका.

आणि पैसे भरण्याआधी जिल्हा रुग्णालयात लवकर निदान-उपचार केंद्राची चौकशी करा. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही सेवा मोफत आहे. दिव्यांग प्रमाणपत्रही सरकारी रुग्णालयातूनच मिळतं.