बारावीला गणितात 91, चाचणीत 20 पैकी 6

प्रश्न : आदरणीय सर, मी सेनगाव तालुक्यातील असून नांदेडला खोली करून बी.एस्सी. प्रथम वर्षाला शिकतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. बारावीला गणितात 91 गुण होते, मात्र परवाच्या चाचणीत 20 पैकी 6 मिळाले. वर्गात सर फळ्यावर सोडवतात तेव्हा सारे समजते, पण पेपर हातात आला की काहीच सुचत नाही. मध्यंतरी सोयाबीनच्या काढणीसाठी दहा दिवस गावी होतो. तेव्हापासून लिमिटची व्याख्या तर मुळीच कळेनाशी झाली आहे. विषय बदलावा का?
– एक विद्यार्थी, जि. हिंगोली

उत्तर : फळ्यावर समजते आणि पेपरात सुचत नाही, ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो आणि तिचा थोडा दोष आम्हा शिक्षकांकडेही येतो. घरी दोन कागद फाडून झाल्यावर जमलेले गणित आम्ही वर्गात एका दमात उतरवतो, त्यामुळे ते सोपे भासते. तेव्हा रोज संध्याकाळी वही मिटून, त्या दिवशीचे एकच उदाहरण कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून लिहून पाहा. जिथे हात थांबेल तिथे खूण करा आणि मगच वही उघडा. सीईटीच्या गणिताच्या पेपरात 90 मिनिटांत 50 प्रश्न असतात. तिथे पर्याय ताडून उत्तर गाठण्याची सवय लागते. पदवीच्या पेपरात मात्र पर्याय नसतात आणि उत्तराइतकेच गुण त्यामागच्या कारणांना असतात.

आता व्याख्येकडे वळू. न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभे केले, परंतु लिमिटची आजची काटेकोर व्याख्या कॉशी आणि वायरस्ट्रास या गणितज्ञांच्या हातून एकोणिसाव्या शतकात घडली. इतक्या उशिरा सापडलेली गोष्ट दोन तासांत गळी उतरली नाही, तर त्यात संकोच कसला? x ची किंमत 2 च्या जवळ नेली की 3x + 1 ची किंमत 7 च्या जवळ जाते, हे तुम्हाला दिसतेच. हे 7 म्हणजेच इथले लिमिट. ‘जवळ म्हणजे किती?’ असे विचारून तुमचा खोलीमित्र अडून बसला आहे, असे समजा. तो म्हणतो, 7 पासूनचा फरक 0.3 पेक्षा कमी हवा. 3x + 1 मधून 7 वजा केल्यास 3(x – 2) उरते, म्हणून x ला 2 पासून 0.1 च्या आत ठेवले की काम झाले. त्याने 0.03 मागितले, तर तुम्ही 0.01 द्या. त्याची मागणी म्हणजे एप्सिलॉन, तुमचे उत्तर म्हणजे डेल्टा, आणि इथे डेल्टा म्हणजे एप्सिलॉन भागिले 3. मागणी कितीही लहान असली तरी तुमच्याकडे उत्तर तयार असले पाहिजे, एवढेच ती व्याख्या सांगते. हे जमले की x² घ्या. x ची किंमत 2 च्या जवळ नेली की ते 4 च्या जवळ जाते. तिथे x² – 4 चे (x – 2)(x + 2) असे अवयव पडतात. x ला 2 पासून 1 च्या आत ठेवले, तर x + 2 ची किंमत 5 च्या खालीच राहते, म्हणून 1 आणि एप्सिलॉन भागिले 5 यांतील लहान संख्या डेल्टा म्हणून चालते. हे दुसरे उदाहरण वही न पाहता मांडता आले, तर व्याख्या कळली असे खुशाल समजा.

काढणीच्या काळात घरी जावे लागते. त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. परंतु गणितात मागचा धडा सुटला की पुढचाही अडतो. बुडालेल्या दहा दिवसांचे सारे उतरवून काढण्यात आठवडा घालवू नका. त्यातील व्याख्या, प्रमेयांची विधाने आणि प्रत्येकी एक उदाहरण आधी करा. इंग्रजी विधान मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहून पाहिल्याने पुष्कळ उलगडते, मात्र उत्तरपत्रिकेसाठी मूळ वाक्यही हाताखालून जाऊ द्या. सरांकडे जाताना ‘काहीच कळले नाही’ असे न म्हणता खूण केलेली ओळ दाखवा. त्यांनाही उत्तर देणे सोपे जाईल.

विषय बदलण्याचा निर्णय मी आज घेणार नाही. एका चाचणीचे 6 गुण, तेही दहा दिवस बुडालेले असताना, त्यासाठी पुरेसा आधार नव्हे. महिनाभर रोज कोऱ्या कागदावर सोडवूनही गणिताला बसणेच नकोसे वाटले, तर मला पुन्हा लिहा. मग दुसऱ्या विषयाचे बोलू.